ज्याचा पाय त्यानं सांगावं

म्युरिएल फ्रेझरनं प्याल्याला हात लावला नाही.

टाल्बट सायडिंग गावच्या कर्लिंग क्लबात, म्हणजे बर्फावरून जड दगड घसरवत दूरच्या वर्तुळात नेऊन बसवण्याच्या खेळाच्या क्लबात, सामना संपला की दोन्ही संघ एकाच टेबलाशी बसतात आणि जिंकलेली बाजू हरलेल्या बाजूला पहिला प्याला पाजते. ही रीत कुठं लिहून ठेवलेली नाही, पण कुणी मोडल्याचंही कुणाला आठवत नाही. मागे शेताच्या हद्दीवरून कोर्टात गेलेले दोन भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, तरी थोरल्यानं धाकट्यापुढे बिअर सरकवली होती आणि धाकट्यानं, तोंड फिरवून का होईना, ती संपवली होती.

व्हर्ना हलुश्कानं म्युरिएलसाठी तिची नेहमीची व्हिस्की मागवली होती, जिंजर एल नावाचा सोडा घालून. प्याल्यातला बर्फ वितळून गेला होता.

"घे ना गं, म्युरिएल. नुसतं पाणी झालं त्याचं."

"घेते."

"घेते म्हणून किती वेळ झाला."

"मला गाडी चालवायचीय."

म्युरिएलचं घर क्लबच्या समोर होतं, रस्त्याच्या पलीकडे. टेबलाभोवतीच्या आठही बायकांना ते माहीत होतं आणि आठांपैकी एकीनंही थट्टा केली नाही. म्युरिएल उठली, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली, सगळ्यांना एकदम शुभरात्री म्हणाली आणि गेली. मागोमाग तिच्या संघातल्या तिघीही गेल्या. त्यांचे प्याले मात्र रिकामे होते.

"जिव्हारी लागलंय बाईच्या," व्हर्ना हसून म्हणाली. "एवढी वर्षं डॉफिनच्या जिल्हा स्पर्धेला तीच जातेय. आता आपण."

तिच्याच संघातल्या डार्लीननं मान हलवली. कँडिसनं फोन बाहेर काढला.

व्हर्ना अठ्ठावन्न वर्षांची होती. गावातलं पोस्ट ऑफिस ती एकटी सांभाळायची. वर्षापूर्वी तिच्या आतड्यातली गाठ काढली होती आणि नंतर सहा महिने केमो चालली होती. गाठ गेली. केमो ऑगस्टमध्ये संपली. पण केमोनं हातापायांत आणलेल्या मुंग्या औषधाबरोबर गेल्या नाहीत. औषध थांबल्यावर त्या उलट वाढल्या. औषध चालू असताना फ्रिजमधलं दूध काढायला तिला हातमोजे घालावे लागत आणि थंड पाण्याचा घोट घशात काचेसारखा उतरे. तो भाग आता बराच ओसरला होता. राहिला तो बधिरपणा. बोटांना दोन चिकटलेली पाकिटं वेगळी कळत नसत, म्हणून एकाचं पत्र दुसऱ्याच्या खणात जाई. पाय तर घोट्यापासून खाली कुणाकडून उसने आणल्यासारखे झाले होते. आणि उसने असले तरी रात्री जळायचे तिचेच. गाडीचा ब्रेक कुठला आणि अ‍ॅक्सिलरेटर कुठला हे वाकून बघितल्याशिवाय कळेना, तेव्हा तिनं किल्ल्या नवऱ्याच्या हातात दिल्या. जिथं शेजारचं घर गाठायलाही गाडी लागते तिथं किल्ल्या देणं म्हणजे काय, हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

कर्लिंग तेवढं तिनं सोडलं नव्हतं. वाकून, घसरत जाऊन दगड सोडणं जमेना, म्हणून ती म्हाताऱ्यांसारखी उभी राहून काठीनं दगड ढकलायची. बर्फ वाचणं, दगड किती जोरात येतोय हे ओळखणं, कुठं घासायचं ते ओरडून सांगणं, हे सगळं डोळ्यांचं आणि डोक्याचं काम होतं आणि त्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. संघाची कप्तान अजून तीच होती, म्हणून प्रत्येक फेरीतले संघाचे शेवटचे दोन दगड तिचे असत.

त्या दिवशीचा सामना शेवटच्या फेरीपर्यंत बरोबरीत होता. डार्लीननं दगड सोडला. तो वर्तुळाकडे आला तेव्हा व्हर्ना पुढे झाली आणि तो आणखी पुढे सरकावा म्हणून ब्रशनं त्याच्या वाटेवरचा बर्फ घासू लागली. दुसऱ्या बाजूनं कँडिस घासत होती. दगड शेवटच्या क्षणी जरासा वळला आणि आधीच्या एका दगडाच्या आड जाऊन असा बसला की त्याला आपल्या दगडानं उडवणं म्युरिएलच्या संघाला शक्य नव्हतं. क्षणभर सगळ्याजणी थांबल्या. दगड इतका सुरेख बसला म्हणूनच थांबल्या, असं व्हर्नाला वाटलं. तिनं टाळ्या वाजवल्या.

डार्लीन तिला आपल्या ट्रकमधून घरी सोडायला निघाली. बाहेर उणे तीस होतं.

"म्युरिएलच्या पोटात काय दुखत होतं गं?"

डार्लीननं हीटर वाढवला.

"डार्लीन, तुला विचारतेय."

"जाऊ दे ना."

"काय जाऊ दे?"

रस्त्यावर बर्फाची भुकटी सापासारखी सरपटत होती. डार्लीन त्या भुकटीकडेच बघत होती.

"लागला होता," ती म्हणाली.

"काय लागला होता?"

"पाय. तुझा. माझ्या दगडाला."

कर्लिंगमध्ये हलत्या दगडाला पाय किंवा ब्रश लागला तर तो दगड बाद. पण गावातल्या सामन्यांना पंच नसतो. ज्याचा पाय लागला त्यानं स्वतः हात वर करून सांगायचं, एवढाच कायदा. व्हर्नाच्या वडलांनी एकदा फक्त स्वतःला दिसलेल्या अशा स्पर्शापायी हातातली ट्रॉफी सोडली होती. या क्लबात माणसाची किंमत त्याच्या जमिनीवरून होत नाही, यावरून होते.

"कितीसा लागला?"

"चांगलाच. सरळ चालला होता दगड. तू ढकललास म्हणून वळला."

"तुला दिसलं?"

"सगळ्यांना दिसलं."

"कँडिसला?"

"ती तुझ्या समोरच होती की."

"आणि मी टाळ्या वाजवल्या."

डार्लीननं काचेवरची वाफ पुसली.

"मी तिथं उभी राहून टाळ्या वाजवल्या, म्युरिएलचा हात हातात घेतला, वर तिला व्हिस्की पाजली. आणि तुम्ही बघत बसलात."

"आम्हाला वाटलं, तुला कळलं असेल…"

"मला कळत नाही! घोट्याखाली मला काही कळत नाही, हे तुला ठाऊक नाही? माझ्या बुटांच्या नाड्या कोण बांधतं?"

"मीच."

"मग?"

"मग काय करायला हवं होतं मी? वर्षभर काय काय सोसलंस तू. एवढ्या दिवसांनी तुझ्या तोंडावर हसू बघितलं. नाही आलं माझ्या तोंडून."

"कीव केलीस माझी."

"माया म्हण."

"माया करणारं माणूस गावादेखत दुसऱ्याला चोर होऊ देतं का गं?"

व्हर्नाला त्या क्षणी ट्रकमधून उतरून दार धाडकन आपटायचं होतं. पण बाहेर उणे तीस होतं, घर अजून लांब होतं आणि बर्फावरून एकटं चालत जाण्याएवढा भरवसा तिला आपल्या पायांचा नव्हता. जिच्यावर ती चिडली होती तिच्याच शेजारी बसून, तिच्याच हीटरच्या उबेत तिला घरी जावं लागलं. दाराशी डार्लीननं वाकून तिच्या बुटांच्या नाड्या सोडल्या.

तिचा नवरा ऑरेस्ट टीव्हीवर हॉकी बघत बसला होता. तिनं सांगितलेलं सगळं त्यानं ऐकून घेतलं, आवाज बारीक केला आणि म्हणाला, "हात्तिच्या! एवढंच ना? कोण काय बोललंय तुला?"

"कुणी बोललं नाही हेच सांगतेय मी."

"मग झालं तर. जिवंत आहेस, व्हर्ना. त्यापुढं एका दगडाचं काय घेऊन बसलीस?"

हे वाक्य तिनं पाद्रीबाबांकडून ऐकलं होतं, नणंदेकडून ऐकलं होतं आणि दवाखान्यातल्या भिंतीवरच्या चित्रातून तर दर खेपेला ऐकलं होतं. जिवंत आहेस. जणू त्या एका गोष्टीच्या बदल्यात बाकी सगळं तिनं मुकाट सोडून द्यायचं कबूल केलं होतं.

"जिवंत आहे म्हणूनच लाज वाटतेय," ती म्हणाली. "मेले असते तर कुणाच्या दगडाला पाय लागला नसता."

ऑरेस्टनं आवाज पुन्हा वाढवला नाही. टीव्ही तसाच बारीक चालू राहिला.

बुधवारी तिला शहरातल्या दवाखान्यात तपासणीला जायचं होतं.

टाल्बट सायडिंगमध्ये कुणालाही कसं काय म्हणून विचारलं तर उत्तर एकच मिळतं, "चाललंय." गारपिटीनं कॅनोलाचं पीक झोपवलं तरी चाललंय. वॉल्टर पेट्राशचा अंगठा यंत्रात गेला तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढता चढता तोही "चाललंय" म्हणाला होता, आणि गावानं ते कौतुकानं सांगितलं होतं. यापेक्षा जास्त बोलणं म्हणजे दुसऱ्याच्या अंगावर आपलं ओझं टाकणं. केमोच्या सहा महिन्यांत दर खेपेला ट्रिश नावाची नर्स विचारायची, "हाता-पायांना मुंग्या? बधिरपणा?" आणि दर खेपेला व्हर्ना म्हणायची, "चाललंय."

या बुधवारीही ट्रिशनं तेच विचारलं. बोटं कळफलकावर तयारच होती.

"वाईट आहे," व्हर्ना म्हणाली.

ट्रिशची बोटं थांबली. "म्हणजे वाढलंय का?"

"म्हणजे मला पाय नाहीत. आहेत, दिसतात, रात्रभर जळतात, पण कळत नाहीत. मी गाडी सोडली. पोस्टात लोकांची पत्रं चुकवते. आणि शनिवारी मी एक सामना लबाडीनं जिंकले, आणि ते मला दुसरीनं सांगावं लागलं."

ट्रिश डॉक्टरांना बोलवायला गेली. डॉ. लाव्हाली तरुण होते, सभ्य होते आणि घाईत होते. त्यांनी दाभणासारख्या काडीनं तिचे तळवे टोचले, घोट्यावर कंप पावणारा चिमटा टेकवला. "कळतंय का?" "नाही." "इथं?" "नाही." "आता?" "नाही म्हणतेय ना!"

"मिसेस हलुश्का, हे तुम्ही उपचार चालू असतानाच सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतं तर?"

डॉक्टरांच्या बाजूनं एवढं म्हणायला हवं की ते खोटं बोलले नाहीत. "तर मुंग्या आणणाऱ्या औषधाचं प्रमाण आम्ही कमी केलं असतं. शेवटच्या काही खेपांना कदाचित पूर्ण बंदही केलं असतं. बाकीची औषधं चालू ठेवून. पुष्कळांच्या बाबतीत तसं करतो आम्ही."

"आणि मग पाय राहिले असते?"

"खात्रीनं नाही सांगता येणार. बहुधा इतके बिघडले नसते."

ट्रिश हळूच म्हणाली, "मी प्रत्येक वेळी विचारलं होतं, व्हर्ना. तुम्हीच म्हणायचात, चाललंय."

"म्हणायचे. आणि जुलैमध्ये माझ्या स्वेटरची बटणं कुणी लावली होती, ट्रिश?"

ट्रिशचा चेहरा पडला.

"मला लागेनात म्हणून तू लावलीस. खालपासून वरपर्यंत, सगळी. वर म्हणालीस, 'हात थकलेत बाई आज.' मग खुर्चीत बसलीस, मला विचारलंस मुंग्या आहेत का, मी म्हणाले चाललंय, आणि तू तेच लिहिलंस. तुझ्या डोळ्यांनी काय बघितलं ते कुठं लिहिलंस?"

"मिसेस हलुश्का," डॉक्टर म्हणाले, "रुग्ण सांगेल त्यावरच आम्हाला…"

"ठाऊक आहे मला. ज्याचा पाय त्यानं सांगावं. आमच्याकडेही तेच म्हणतात." व्हर्ना मोजे चढवत होती. मोजा टाचेत अडकला होता आणि ते तिला दिसत होतं, जाणवत नव्हतं. "अर्धी चूक माझी आहे. ती मी घरी घेऊन जाते. उरलेली इथं ठेवतेय. ती कुणाची आहे ते तुम्ही दोघं आपसांत ठरवा."

जळजळीसाठी एक गोळी देता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. काहींना उपयोग होतो. तोल सांभाळण्याचे व्यायाम शिकवणारी एक बाई होती, तिच्याकडे त्यांनी नाव घातलं. बधिरपणावर औषध नव्हतं. काहींचा वर्ष-दोन वर्षांत कमी होतो, काहींचा होत नाही. हे सगळं त्यांनी या वेळी सावकाश सांगितलं, घड्याळाकडे न बघता. तिला ते कळलं आणि त्याचाही राग आला. वाईट आहे असं म्हटल्याबरोबर माणसाकडे वेळ असतो, हे कळायला तिला वर्ष लागलं होतं.

परतीच्या वाटेवर गाडी चालवता चालवता ऑरेस्ट म्हणाला, "बटणं मीही लावायचो तुझी."

"हो."

"मला वाटायचं, बोललो तर तुला वाईट वाटेल."

"सगळ्यांनाच तसं वाटतं," व्हर्ना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी म्युरिएल पोस्टात आली. म्युरिएल गावच्या शाळेची मुख्याध्यापिका होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी ती आत आली की लोक अजून टोपी काढत. तिच्या मागोमाग अंगठा गेलेला वॉल्टर पेट्राश येऊन रांगेत उभा राहिला.

"पत्रं दे माझी."

"देते. आधी एक विचारायचंय," व्हर्ना म्हणाली. "मला चोर समजतेस?"

म्युरिएलनं एकेक बोट ओढून हातमोजे काढले. "समजत होते. शनिवारपासून."

"आणि आता?"

"आता तू विचारतेयस. ठाऊक असतं तर विचारलं नसतंस. तुला खरंच कळलं नव्हतं?"

"माझ्या पायावर तुझी गाडी गेली तरी मला कळणार नाही, म्युरिएल."

"हे मला कसं ठाऊक असणार? तू कधी बोललीस? कसं काय विचारलं की चाललंय म्हणतेस."

"बरं. ती चूक माझी. पण तू तर बघितलं होतंस. मग तिथंच ओरडली का नाहीस?"

"दुसऱ्याच्या पायाकडे बोट दाखवत नाहीत आपल्यात."

"उगाच काहीतरी बोलू नकोस. गेल्या हिवाळ्यात मार्जचा ब्रश लागला न लागला तर तू रान उठवलं होतंस. रडली होती बिचारी."

"मार्जला कॅन्सर झाला नव्हता!"

वाक्य तोंडातून गेल्यावर म्युरिएलला ते ऐकू आलं. वॉल्टर पेट्राश भिंतीवरचं पार्सलांचं दरपत्रक वाचू लागला.

"म्हणजे असं," व्हर्ना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मार्ज लबाडी करते तेव्हा तिला खडसावायचं. ती माणूस आहे. मी लबाडी करते तेव्हा गप्प बसायचं, सामना हातात द्यायचा आणि मनातल्या मनात माझ्यावर थुंकायचं. माझी व्हिस्की टेबलावर तशीच सोडून सगळ्या गावाला दाखवायचं की बघा, मी किती मोठ्या मनाची. मला विचारायचं नाही. मला सांगायचं नाही. मी गेलेलीच आहे ना तुमच्या लेखी!"

"तसं नाही, व्हर्ना."

"मग कसं? सांग की. तू तर सगळ्या गावाला शिकवलंयस."

म्युरिएलनं हातमोजे काउंटरवर ठेवले. "तू मरशील असं वाटलं होतं मला," ती म्हणाली. "गेल्या साली. तुझ्या अंत्यविधीला कोण काय बोलणार ते सगळं मनात ठरवून झालं होतं. मग तू मेली नाहीस. त्यानंतर तुझ्याशी भांडायचं कसं, ते मला जमेना."

"डॉफिनला तुम्ही जा," व्हर्ना म्हणाली. "जागा तुमची आहे."

"नाही. हात मिळवले. हात मिळवल्यावर निकाल फिरत नाही. आजवर फिरलेला नाही."

"मग पुन्हा खेळू."

"असं कुठं असतं?"

"रविवारी सकाळी बर्फ मोकळा असतो," वॉल्टर पेट्राश दरपत्रकाकडे बघतच म्हणाला. "सगळे चर्चला जातात. पण तुम्ही ठरवेपर्यंत मला जरा तिकिटं मिळतील का?"

कँडिसला हे मुळीच पटलं नाही. "आम्ही काय केलंय?" ती फोनवर म्हणाली. "जिंकलोय ना आपण? माझी आई मुलांना सांभाळायला येणार आहे डॉफिनच्या आठवड्यात. हॉटेल ठरलंय. तुझ्या एकटीच्या मनाला लागलं म्हणून चौघींनी घरी बसायचं?"

"तू समोर होतीस. तू बघितलंस."

"मी गप्प बसले ती तुझ्यासाठी!"

"म्हणूनच पुन्हा खेळायचंय. आणि हरायचं ठरवून कुणी खेळत नाहीये, कँडिस. ये आणि जिंकून दाखव."

कँडिसनं फोन आपटला. रविवारी मात्र ती सगळ्यांच्या आधी आली होती.

खेळ सुरू होण्याआधी व्हर्ना दोन्ही संघांसमोर उभी राहिली. तिच्या बुटांच्या नाड्या डार्लीननं बांधल्या होत्या, न बोलता.

"मला पाय कळत नाहीत," व्हर्ना म्हणाली. "हात वर करायचं काम माझं होतं, ते मला जमणार नाही. तेव्हा ते तुम्हा सातजणींचं. दिसलं की ओरडायचं. माझ्या बाजूच्यांनीसुद्धा. बघून जी गप्प बसेल तिनं पुन्हा माझ्या घराची पायरी चढू नये. आणि कुणी बिचारी म्हणालं तर मी काठी घालीन डोक्यात."

"झालं भाषण?" म्युरिएल म्हणाली. "थंडी वाजतेय मला."

दुसऱ्याच फेरीत म्युरिएल ओरडली. शाळेच्या मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या पोराला थांबवणारा तो आवाज होता. "व्हर्ना! पाय!" व्हर्नानं मान खाली घालून बघितलं. बूट दगडाला खेटून उभा होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. कानशिलं तापली. तिनं हात वर केला. म्युरिएल म्हणाली, "काढा," आणि दगड बाजूला गेला. चौथ्या फेरीत पुन्हा तेच झालं. या खेपेला व्हर्ना चिडून म्हणाली, "नाही लागला!" आणि समोरच्या चौघी एका सुरात म्हणाल्या, "लागला!" म्युरिएलच्या संघातली सर्वांत अबोल बाई सर्वांत मोठ्यानं म्हणाली. व्हर्नानं तिला एक शिवी हासडली. त्या बाईनं ती परत केली. वर्षभरात व्हर्नाला कुणी शिवी दिली नव्हती.

शेवटच्या फेरीत पुन्हा बरोबरी होती. डार्लीननं आपला शेवटचा दगड सोडला, आणि तो हातातून सुटल्याबरोबर व्हर्नाला कळलं की हा हवा तिथं बसणार. असा दगड हिवाळ्यात एखादाच येतो. तो वर्तुळात शिरला तेव्हा ती पुढे झाली आणि घासू लागली. बर्फ, दगड आणि ब्रश यांखेरीज जगात काही नव्हतं. दगड तिच्या डोळ्यांदेखत मधोमध येऊन थांबला. म्युरिएलच्या संघातल्या चौघीही पलीकडे, दगडाच्या दुसऱ्या अंगाला होत्या. त्या बाजूनं कुणालाच काही दिसलं नव्हतं. म्युरिएलचं तोंड मिटलेलं होतं.

"पाय," डार्लीन म्हणाली.

ती दगडामागून बर्फावर धावत आली होती. ती पुन्हा म्हणाली, "व्हर्ना, पाय लागला. टाचेचा. मी बघितलं."

"डार्लीन!" कँडिस किंचाळली. "काय करतेयस?"

व्हर्नानं खाली बघितलं. तिच्या टाचेनं याही वेळी तिला काही सांगितलं नव्हतं. तिनं दगडाकडे बघितलं, मधोमध बसलेल्या. इतका संताप आला की ब्रशच्या दांड्यावर बोटं आवळली, आणि किती आवळली तेही तिला बोटांकडे बघूनच कळलं. औषधाचा, दवाखान्याचा, स्वतःच्या तोंडाचा, या दोन मेलेल्या पायांचा, सगळ्यांचा राग एकदम आला, आणि तो त्या दगडापाशी उभं राहून ओसरण्यासारखा नव्हता.

तिनं हात वर केला.

"काढा," म्युरिएल म्हणाली.

डार्लीन तिथंच उभी होती. तिच्या गालांवर पाणी होतं आणि त्या थंडीत ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

"रडतेस काय?" व्हर्ना म्हणाली. "दगड बाजूला घे. मला अजून दोन टाकायचेत."

आणि काठी आणायला ती बर्फाच्या त्या टोकाकडे निघाली, प्रत्येक पाऊल डोळ्यांनी बघून टाकत.